पंचमहासरोवरांच्या परिसरातील शरदअखेरचे हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर पसरलेल्या सुपीरियर, मिशिगन, ह्युरन, एरी आणि ऑन्टॅरिओ या पाच सरोवरांच्या काठावर ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत हवामान कसे असते, त्याचे अंदाज कसे वाचावेत आणि त्यांवर कितपत विसंबावे, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. कोणत्याही एका वर्षाचा अंदाज येथे दिलेला नाही. दर वर्षी प्रसिद्ध होणारे अंदाज समजून घेण्यासाठी लागणारी माहिती द्यावी, एवढाच हेतू आहे.

नोव्हेंबरमध्ये साधारण किती थंडी असते?

परिसर इतका मोठा आहे की एकच आकडा देण्यात अर्थ नाही. सुपीरियरच्या पश्चिम टोकावरील डलूथ येथे नोव्हेंबरातील दिवसाचे सरासरी कमाल तापमान 2 ते 3 अंश सेल्सिअस आणि रात्रीचे किमान तापमान उणे 5 अंशांच्या आसपास असते. एरीच्या पूर्व टोकावरील बफेलो येथे हेच आकडे सुमारे 8 आणि 1 अंश, तर मिशिगनच्या दक्षिण काठावरील शिकागो येथे सुमारे 9 आणि 1 अंश असतात. सरासरीत मात्र या महिन्याचा खरा स्वभाव दिसत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात 18 अंशांचा उबदार दिवस आणि त्याच महिन्याच्या अखेरीस उणे 10 अंशांची रात्र, असे दोन्ही एकाच गावात सहज घडते.

थंडीपेक्षा अंधार आणि ढग अधिक जाणवतात, असे येथे नव्याने राहायला आलेले बहुतेक लोक सांगतात. नोव्हेंबरअखेर टोरांटोत दिवस सुमारे सव्वानऊ तासांचा उरतो, डलूथला त्याहूनही लहान. त्यातच उबदार पाण्यावरून वाहणारी थंड हवा सरोवरांच्या पूर्व आणि दक्षिण काठांवर ढगांचे छत धरून ठेवते, त्यामुळे सलग अनेक दिवस सूर्यदर्शन होत नाही.

हंगामी अंदाजात "सरासरीपेक्षा उबदार, 40 टक्के" असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय?

हा सर्वाधिक चुकीचा वाचला जाणारा आकडा आहे, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

अमेरिकेचे हवामान अंदाज केंद्र दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी पुढील तीन-तीन महिन्यांचे दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध करते. त्यासाठी 1991 ते 2020 या तीस वर्षांतील तापमानांची उबदार, मध्यम आणि थंड अशा तीन समान गटांत विभागणी केलेली असते. पुढील हंगामाविषयी काहीच माहिती नसेल, तर प्रत्येक गटाची शक्यता सुमारे 33 टक्के धरावी लागते. म्हणजे "उबदार, 40 टक्के" याचा अर्थ उबदार गटाकडे पारडे किंचित झुकले आहे इतकाच, आणि हंगाम मध्यम किंवा थंड जाण्याची शक्यता एकत्रितपणे अजूनही 60 टक्के आहे. नकाशावर गडद रंग दिसला म्हणजे हवा फार तापणार, असेही नाही. रंगाची गडदता शक्यता दाखवते, किती अंशांचा फरक पडेल हे दाखवत नाही. ज्या भागाला रंगच नाही, तेथे "सरासरी हवामान राहील" असे केंद्राने म्हटलेले नसते. तिन्ही शक्यता सारख्याच आहेत, झुकते माप द्यायला आधार नाही, एवढेच तेथे सांगितलेले असते.

शिवाय हा अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो. त्या सरासरीच्या पोटात एक भीषण हिमवादळ आणि दोन ऊबदार पंधरवडे सुखाने मावू शकतात. लग्नाची तारीख, घराच्या छपराची दुरुस्ती किंवा लांबचा प्रवास यांचा निर्णय अशा नकाशावरून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. इंधनाची खरेदी किंवा रस्त्यावर टाकायच्या मिठाचा साठा करणाऱ्या संस्थांना मात्र अनेक वर्षांच्या हिशेबात या किंचित झुकलेल्या पारड्याचाही उपयोग होतो.

एल निनो आणि ला निना यांचा येथे काय परिणाम होतो?

प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यातील पाणी नेहमीपेक्षा उबदार असेल तर एल निनो आणि थंड असेल तर ला निना म्हणतात. एल निनोच्या हिवाळ्यात सरोवरांचा प्रदेश बहुधा उबदार राहतो आणि ला निनाच्या हिवाळ्यात तेथे सरासरीपेक्षा अधिक पाऊस-बर्फ पडण्याकडे कल असतो. हा प्रभाव डिसेंबरनंतर अधिक स्पष्ट होतो, शरदअखेरीस तो अंधूकच असतो. नोव्हेंबरातील एखाद्या आठवड्याचे हवामान उत्तर ध्रुवाकडील थंड हवा खाली उतरते की नाही यावर अधिक अवलंबून असते, आणि ते दोन आठवड्यांपलीकडे भरवशाने सांगता येत नाही.

"लेक इफेक्ट" हिमवर्षाव म्हणजे नेमके काय?

पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. उन्हाळाभर साठवलेली उष्णता सरोवरे शरदअखेरपर्यंत धरून ठेवतात, आणि त्यांच्यावरची हवा मात्र एका रात्रीत गोठणबिंदूखाली जाऊ शकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बफेलोजवळ एरीचे पाणी साधारण 10 ते 12 अंशांवर असते. अशा पाण्यावरून कॅनडाच्या अंतर्भागातून आलेली कोरडी, थंड हवा वाहू लागली की तिचा खालचा थर उबदार आणि दमट होतो, हलका होऊन वर उठतो, आणि त्यातील बाष्प गोठून काठावर बर्फाच्या रूपाने कोसळते.

हवामानतज्ज्ञ यासाठी एक ठोकताळा वापरतात: सरोवराच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील हवा निदान 13 अंशांनी थंड असली पाहिजे. पाणी 10 अंशांवर असेल तर वरची हवा उणे 3 अंश किंवा त्याखाली हवी. फरक 20 अंशांच्या पुढे गेला तर बर्फासोबत विजाही चमकतात आणि गडगडाट होतो.

तापमानातील फरक ही पहिली अट. वाऱ्याला पाण्यावरून पुरेसे अंतर कापता आले पाहिजे, ही दुसरी. त्यासाठी साधारण 100 किलोमीटर हा चांगला आकडा समजला जातो. तिसरी अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: जमिनीलगतचा वारा आणि दीड-दोन किलोमीटर उंचीवरील वारा जवळजवळ एकाच दिशेने वाहत असला पाहिजे. दोहोंत 30 अंशांहून कमी फरक असेल तर ढगांची ओळ अखंड राहते, आणि फरक 60 अंशांच्या पुढे गेला तर ती विस्कटते व नुसतीच हिमभुरभुर होते. वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने वाहिला की एकच रुंद, जोरदार पट्टा तयार होतो. आडवा वाहिला की अनेक अरुंद, सौम्य पट्टे तयार होतात. एरी सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सुमारे 390 किलोमीटर पसरलेले आहे आणि नैर्ऋत्य वाऱ्याच्या बरोबर टोकाला बफेलो वसलेले आहे. त्या शहराची हिमवर्षावाबद्दलची ख्याती या भूगोलातून आली आहे.

एकाच सरोवराच्या एका काठावर बर्फाचे ढीग आणि दुसरा काठ कोरडा, असे का?

थंड वारे बहुधा पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतात, म्हणून पूर्वेचे व दक्षिणेचे काठ हिमपट्ट्यात मोडतात. मिशिगन राज्याचा पश्चिम किनारा, सुपीरियरमध्ये घुसलेले किविनॉ द्वीपकल्प, ह्युरनच्या पूर्वेकडील ऑन्टॅरिओ प्रांताचा भाग, क्लीव्हलंडच्या पूर्वेपासून बफेलोपर्यंतचा एरीचा काठ आणि ऑन्टॅरिओ सरोवराच्या पूर्वेचे टग हिल पठार ही त्यांतील ठळक ठिकाणे आहेत. टग हिलच्या काही भागांत एका हंगामात सरासरी सुमारे पाच मीटर बर्फ पडतो, कारण सरोवरावरून आलेली दमट हवा तेथे चढावर आणखी वर ढकलली जाते. टोरांटो ऑन्टॅरिओ सरोवराच्या वायव्य काठावर असल्याने या प्रकारातून बहुतेक वेळा सुटते. डेट्रॉइटचेही तसेच आहे.

असा बर्फ किती दिवस आधी आणि किती नेमका सांगता येतो?

परिस्थिती जुळून येत आहे, हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येते. पट्टा नेमका कोणत्या गावावर थांबेल, हे बरेचदा शेवटच्या 12 ते 24 तासांतच ठरते. मुख्य पट्टा अनेकदा 15 ते 30 किलोमीटर रुंद असतो आणि वाऱ्याची दिशा पाच-दहा अंशांनी बदलली तरी तो शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. अंदाज चुकल्याची तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत अंदाज बरोबर असतो, फक्त पट्टा त्यांच्या घरापासून दहा किलोमीटर दूर पडलेला असतो.

नोव्हेंबर 2014 मध्ये बफेलोच्या दक्षिण उपनगरांत काही ठिकाणी दीड मीटरहून अधिक बर्फ साचला आणि महामार्गावर वाहने अडकून पडली, पण त्याच शहराच्या उत्तर भागात रस्ते जवळजवळ मोकळे होते. नोव्हेंबर 2022 मध्ये हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्क या उपनगरांत दोन मीटरच्या आसपास बर्फ पडला. दोन्ही वेळा बफेलोच्या व्यावसायिक फुटबॉल संघाचा घरच्या मैदानावरील सामना डेट्रॉइटला हलवावा लागला, म्हणजे वाऱ्याच्या हिशेबाने सरोवराच्या सुरक्षित बाजूला.

तेव्हा अंदाज ऐकताना आपल्या जिल्ह्याच्या बर्फाच्या आकड्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेकडे अधिक लक्ष द्यावे. "नैर्ऋत्येकडून पश्चिमेकडे वळेल" या तीन शब्दांत पट्टा उत्तरेकडून दक्षिणेकडे कधी सरकेल, हे सांगितलेले असते. प्रवासाला निघण्यापूर्वी शेवटचा शब्द रडारचा मानावा.

शरद ऋतू उबदार गेला म्हणजे बर्फ कमी पडेल, असे समजावे काय?

नाही, आणि याच समजुतीने लोक सर्वाधिक फसतात. उबदार शरदामुळे सरोवरे अधिक उष्णता घेऊन नोव्हेंबरात शिरतात, आणि मग थंडीची एकच लाट आली तरी पाणी आणि हवा यांच्या तापमानातील दरी अधिक रुंद असते. अर्थात थंडी आलीच नाही, तर तेच बाष्प पावसाच्या रूपाने पडते.

हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ आणखी एका कारणाने घातक असतो. 12 आणि 13 ऑक्टोबर 2006 रोजी बफेलोत सुमारे 57 सेंटिमीटर ओला, जड बर्फ पडला. जानेवारीत एवढ्या बर्फाचे कोणाला अप्रूप वाटले नसते. पण झाडांवर अजून पाने होती, त्या पानांनी बर्फ पेलून धरला, फांद्या आणि अख्खी झाडे विजेच्या तारांवर कोसळली आणि लाखो लोक अंधारात राहिले. पानगळ पूर्ण होण्याआधीचा अंदाज वाचताना बर्फाच्या उंचीइतकाच त्याचा ओलेपणा महत्त्वाचा असतो.

नोव्हेंबरातील वादळांचा एवढा धसका का?

या दिवसांत उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार, दमट हवा यांच्यातील सीमारेषा सरोवरांच्या आसपास असते. तिच्यावर समशीतोष्ण आवर्ते, म्हणजे कमी दाबाभोवती फिरणारी मोठी वादळे, जन्माला येतात. काही कॅनडाच्या आल्बर्टा प्रांताकडून झपाट्याने येतात, काही टेक्सास-ओक्लाहोमाकडून वर वळतात. दुसऱ्या प्रकारची आवर्ते मेक्सिकोच्या आखाताकडील दमट हवा सोबत आणतात आणि बहुधा अधिक उग्र असतात. सरोवरांचे उबदार पाणी त्यांना आणखी बळ देते. 26 ऑक्टोबर 2010 रोजी अशाच एका आवर्तात मिनेसोटातील बिगफोर्क येथे हवेचा दाब 955.2 हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. हा आकडा एखाद्या प्रबळ चक्रीवादळाला शोभणारा आहे.

इतिहासातील तीन तारखा येथील खलाशांना पाठ असतात. 7 ते 10 नोव्हेंबर 1913 च्या वादळात 250 हून अधिक माणसे बुडाली आणि सुमारे बारा जहाजे नष्ट झाली. 11 नोव्हेंबर 1940 च्या सकाळी हवा इतकी सौम्य होती की बदकांच्या शिकारीला गेलेल्यांनी गरम कपडेही घेतले नव्हते. दुपारनंतर तापमान कोसळले, हिमवादळ सुरू झाले आणि मध्य-पश्चिमेत सुमारे 150 जणांचा बळी गेला, त्यांत मिशिगन सरोवरावरील खलाशीही होते. 10 नोव्हेंबर 1975 रोजी 222 मीटर लांबीचे एडमंड फिट्झजेराल्ड हे लोहखनिजवाहू जहाज सुपीरियरमध्ये, व्हाइटफिश उपसागरापासून थोड्याच अंतरावर, सर्व 29 जणांसह बुडाले. त्या दिवशी वादळाचा इशारा दिलेला होता, म्हणून या घटनेकडे केवळ अंदाजाचे अपयश म्हणून पाहता येत नाही.

समुद्राच्या मानाने सरोवरातील लाटा एकमेकींच्या जवळ आणि उभ्या चढाच्या असतात, त्यामुळे जहाजाला एकीतून सावरायच्या आत दुसरी येते. गोठणबिंदूखालच्या हवेत उडणारे तुषार डेकवर गोठून जहाज वरून जड करतात, हा आणखी एक धोका.

इशाऱ्यांतील शब्दांचा अर्थ कसा लावावा?

सरोवरांवरील "गेल वॉर्निंग" म्हणजे 34 ते 47 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 63 ते 87 किलोमीटर वेगाचे वारे. "स्टॉर्म वॉर्निंग" 48 नॉटपासून सुरू होतो. "स्नो स्क्वॉल" या शब्दाबाबत मात्र सावध राहावे. कॅनडात सरोवरावरून येणाऱ्या हिमपट्ट्यांसाठी तो वापरला जातो आणि असा इशारा अनेक तास लागू असू शकतो. अमेरिकेत त्याच नावाचा इशारा थोड्या वेळात रस्ता दिसेनासा करणाऱ्या हिमझोतासाठी असतो आणि सहसा तासाभरात संपतो. सीमा ओलांडून रोज कामाला जाणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

वाऱ्याने सरोवराची पातळी खरोखर बदलते काय?

बदलते, विशेषतः एरीची. हे सरोवर सरासरी फक्त 19 मीटर खोल आहे. नैर्ऋत्येचा जोरदार वारा पाणी बफेलोकडे लोटतो, तेव्हा तेथील पातळी दोन मीटरहून अधिक वर चढू शकते आणि पश्चिम टोकावरील टोलीडोला किनाऱ्याचा गाळ उघडा पडतो. वारा थांबला की थाळीत हेलकावणाऱ्या पाण्याप्रमाणे ते मागे येते. किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर पूर येण्याचे इशारे म्हणूनच पाऊस नसतानाही दिले जातात.

याहून संथ असा एक बदलही दर वर्षी होतो. कोरड्या थंड हवेमुळे बाष्पीभवन सर्वाधिक उन्हाळ्यात नव्हे, तर शरदअखेरीस आणि हिवाळ्याच्या सुरुवातीस होते, आणि सरोवरांची पातळी या काळात उतरत जाते.

शेतीच्या दृष्टीने सरोवरे उपकारक की अपायकारक?

दोन्ही, पण फळबागांना बहुधा उपकारकच. काठावरील उबदार हवेमुळे पहिले गोठलेले दव उशिरा पडते, म्हणून मिशिगनच्या पश्चिम किनाऱ्यावर चेरी आणि नायगारा द्वीपकल्पात द्राक्षे पिकतात. ऑन्टॅरिओतील आइसवाइनसाठी द्राक्षे वेलीवरच गोठू द्यावी लागतात आणि तोडणीच्या वेळी तापमान उणे 8 अंश किंवा त्याखाली असणे नियमाने बंधनकारक आहे. त्यामुळे इतर सर्व जण सौम्य डिसेंबरासाठी प्रार्थना करत असताना हे बागायतदार मात्र थंडीची वाट पाहत असतात.

सरोवरे गोठायला कधी लागतात, आणि ती गोठल्यावर हिमवर्षाव थांबतो काय?

उथळ खाड्या डिसेंबरात गोठू लागतात. मोकळ्या पाण्यावर बर्फाचे आवरण सहसा जानेवारी-फेब्रुवारीत पसरते. पृष्ठभागाचे पाणी थंड होऊन जड झाले की खाली बुडते आणि त्याच्या जागी खालचे उबदार पाणी वर येते. सगळे पाणी सुमारे 4 अंशांवर आल्याशिवाय वरचा थर गोठू शकत नाही. एरी उथळ असल्याने तेथे हे लवकर घडते. सुपीरियर 406 मीटरपर्यंत खोल आहे, ते क्वचितच पूर्ण गोठते. गोठलेले एरी बाष्प फारसे सोडत नाही, म्हणून बफेलोतील सरोवरजन्य बर्फाचा जोर मध्य-हिवाळ्यात ओसरतो, तर सुपीरियर आणि ऑन्टॅरिओच्या काठांवर तो चालूच राहतो.

पाचही सरोवरांचा विचार करता वर्षातील कमाल हिमाच्छादन सरासरीने निम्म्याच्या थोडे वर असते, पण चढउतार प्रचंड आहेत: 1979 मध्ये ते सुमारे 95 टक्क्यांवर गेले होते, तर 2002 मध्ये सुमारे 12 टक्क्यांवरच थांबले. गेल्या काही दशकांत सरोवरांचे पाणी तापत आहे आणि दीर्घकाळाच्या नोंदींत हिमाच्छादनाचा कल घटता दिसतो. उघडे पाणी अधिक काळ राहिले तर सरोवरजन्य बर्फाचा हंगाम लांबू शकतो, पण हवाही तापत राहिली तर त्यातील वाढता वाटा पावसाकडे जाईल. शरदअखेरीच्या महिन्यांत हा बदल आधी जाणवेल, कारण तेव्हा तापमान गोठणबिंदूच्या आसपासच घुटमळत असते.

सरोवरांवरील बोयांची माहिती नोव्हेंबरात अचानक बंद का होते?

वारा, लाटा आणि पाण्याचे तापमान मोजणारे बहुतेक तरंगते बोये बर्फात चिरडू नयेत म्हणून शरदअखेरीस बाहेर काढले जातात आणि वसंतात पुन्हा सोडले जातात. परिणामी वादळांचा काळ ऐन भरात असताना मोकळ्या पाण्यावरील निरीक्षणे विरळ होतात, आणि अंदाजकर्त्यांना किनारी केंद्रे, उपग्रह व मालवाहू जहाजांकडून येणाऱ्या नोंदींवर अधिक अवलंबून राहावे लागते. जहाजांची ये-जा मात्र थांबलेली नसते. सुपीरियर आणि ह्युरन यांना जोडणारी सू येथील जलद्वारे सामान्यतः 15 जानेवारीलाच बंद होतात आणि 25 मार्चला पुन्हा उघडतात.